मुकादमाशिवाय चार देश

दाजींचा फोन आला तेव्हा मी जिल्हा आवृत्तीचं पान तीन छपाईला सोडत होतो. ते सहसा पान सुटायच्या वेळेला फोन करत नाहीत.

"पाव्हणं, तुमची भाची चार देश हिंडाया चालली. पाठीला पिशवी लावून. एकली."

मी विचारलं, कोणते देश.

"ते तिला म्हाईत. मला एकच सांगा. तिथला मुकादम कोन?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं गाव पाथर्डी तालुक्यात आहे. तिथे पावसाळ्यानंतर शेतात फारसं काही उरत नाही. दसरा झाला की नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. त्यांना गोळा करून कारखान्यावर नेतो तो मुकादम. उचल तोच देतो, गाडी तोच ठरवतो, आणि कुणी आजारी पडलं किंवा मधेच निघून गेलं तर जबाब त्यालाच द्यावा लागतो. दाजी बरीच वर्षं मुकादम आहेत. त्यांच्या हिशेबात गाव सोडून निघालेल्या प्रत्येक माणसामागे एक मुकादम असतो. तो दिसत नसेल, तर माणूस पळून तरी चाललेला असतो, नाहीतर त्याला कुणी पळवून तरी नेत असतं.

भाची पुण्यात एका कंपनीत नोकरी करत होती. पंचविशी ओलांडलेली. रजा साठवून, स्वतःच्या पगारातून ती थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि कंबोडिया असा प्रवास करणार होती. बरोबर कुणी नव्हतं, प्रवासी कंपनीही नव्हती.

"तुमचं पेपरातलं डोकं लावा," दाजी म्हणाले. "समदं तपासा. तुमी व्हय म्हनलं तर जाईल. तवर पासपोर्ट माझ्या कपाटात हाय."

पासपोर्ट गावच्या पत्त्यावर काढला होता. पोलीस पडताळणी गावात झाली, टपालही गावात आलं, आणि दाजींनी सही करून ते घेतलं. ती वस्तू तेव्हापासून त्यांच्याकडेच होती.

त्या वर्षात आमच्या डेस्कवर परदेशी नोकरीच्या आमिषाच्या बातम्या वरचेवर यायच्या. तरुणांना कम्प्युटरच्या कामाचं सांगून त्याच भागातल्या देशांत न्यायचं, कुंपणाच्या आत कोंडायचं आणि लोकांना फोनवरून फसवायच्या कामाला लावायचं, असा तो प्रकार होता. या बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास असायचं: पोहोचताच पासपोर्ट काढून घेण्यात आले. या प्रकरणात पासपोर्ट निघायच्या आधीच काढून घेतला गेला होता, आणि तो बापाने घेतला होता. मी ते टिपलं, पण दाजींना बोललो नाही. बातम्या मात्र खऱ्या होत्या, आणि भाची कम्प्युटरचंच काम करत होती. मला शंका यायला तेवढं पुरेसं होतं.

पुढच्या रविवारी ती माझ्या नगरच्या, सावेडीतल्या घरी आली. लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "विचार मामा. इमिग्रेशनवाले विचारतील त्याच्या आधी तू विचारून घे."

मी विचारत गेलो. थायलंडला त्या वेळी भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नव्हता. आगमनाची माहिती मात्र ऑनलाइन भरायची होती, आणि अधिकाऱ्याने मागितलं तर मुक्कामाचा पत्ता, खर्चाचे पैसे आणि देशातून बाहेर पडायचं तिकीट दाखवावं लागत होतं. लाओसचा व्हिसा हद्दीवरच्या पुलापाशी मिळणार होता. त्यासाठी फोटो आणि डॉलर जवळ हवे होते. व्हिएतनामचा ई-व्हिसा आधी काढायचा, आणि कुठल्या नाक्यावरून आत जाणार, कुठून बाहेर पडणार हे अर्जातच लिहायचं. कंबोडियाचाही ई-व्हिसाच. तिथून थायलंडला परतायचा जमिनीवरचा रस्ता नकाशात होता, पण दोन देशांच्या भांडणामुळे ती हद्द बंद होती. म्हणून परतीचं विमान कंबोडियातूनच.

"हे सगळं तुला कुणी सांगितलं?"

"सरकारी वेबसाइट वाचल्या. तिथे जाऊन आलेल्यांचं वाचलं."

"जाऊन आलेले म्हणजे कोण? ओळखीचे?"

"नाही."

"मग ते खरंच गेले होते कशावरून?"

ती हसली. बापाला ती आण्णा म्हणते. "मामा, तू आण्णांपेक्षा वाईट आहेस."

तिने काढून ठेवलेल्या पासपोर्टच्या फोटोत जन्मठिकाण अहमदनगर होतं, बँकेच्या नव्या कागदावर जिल्हा अहिल्यानगर. मी म्हणालो, परदेशातला अधिकारी विचारेल, जन्मली एका जिल्ह्यात आणि राहते दुसऱ्यात, मग मधे कधी हललीस? नावबदलाच्या राजपत्राची प्रत जवळ ठेव. तिने ती फोनमध्ये उतरवून घेतली. माझी शंका घालवायला घेतली की खरंच गरज वाटली, ते कळलं नाही.

मग मी थायलंडच्या अधिकाऱ्याला दाखवायच्या, बँकॉकहून मुंबईच्या तिकिटाकडे वळलो. त्यावरचा क्रमांक विमान कंपनीच्या साइटवर टाकला. असं आरक्षण सापडत नाही, असं उत्तर आलं. पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"हे तिकीट खोटं आहे."

"खोटं नाही. तात्पुरतं आहे." तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी घाई आली. "परतीची तारीख ठरलेली नसते ना. बॅगपॅकवाले सगळे असंच करतात. थोडे पैसे भरून आरक्षण घ्यायचं. ते दोन दिवस टिकतं, मग आपोआप जातं. तेवढ्यात दाखवायचं काम होतं."

"म्हणजे परत कधी येणार ते ठरलेलं नाही, आणि ठरलंय असं दाखवायचं."

"मामा, येणार आहे मी!"

"ते मी लिहून घेतो. पण कागद काय म्हणतो, ते मला वाचता येतं."

तिने लॅपटॉप जरा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "लहानपणी दर वर्षी सहा महिने बाहेरच असायचो आम्ही. आज या कारखान्यावर, पुढच्या वर्षी भलत्याच जिल्ह्यात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवायचे आणि निघायचं. तेव्हा कुणी विचारलं नाही, परतीची तारीख काय."

मी एवढंच म्हणालो की खरं तिकीट काढल्याशिवाय माझा होकार नाही. तिने तिथेच बसून कंबोडियातून मुंबईचं खरं तिकीट काढलं. मी क्रमांक तपासला. तो सापडला. त्याची एक प्रत मी छापून घेतली.

तिने आरक्षण केलेल्या मुक्कामांच्या ठिकाणी मी स्वतः मेल पाठवले. एका ठिकाणी फोनही लावला. तिकडून एका बाईने मोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं. मी विचारलं, बायकांसाठी वेगळी खोली आहे का, या नावाचं आरक्षण आहे का. ती म्हणाली, खोली आहे; आरक्षणाबद्दल सांगता येणार नाही; तुम्ही या मुलीचे कोण आणि तुम्हाला कशाला हवंय? मी मामा आहे हे तिला पटलं नाही. तिने फोन ठेवला. त्या सगळ्या चौकशीत मला सर्वांत विश्वासाचं वाटलं ते हेच.

मी दाजींना होकार कळवला. शंका गेली होती असं नाही. पण तिला धरून ठेवायला काही सापडलं नव्हतं, आणि आमच्या धंद्यात तेवढ्यावर बातमी सोडावी लागते. दाजींनी कपाट उघडलं. पासपोर्ट त्यांनी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवला होता.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी गावात गेलो. एसटीतून उतरलो तर थांब्यासमोर, चहाच्या हॉटेलाच्या वर, भाचीचा फोटो. ओळखपत्राचा फोटो मोठा केलेला, त्यामुळे चेहरा ताणलेला दिसत होता. भोवती फुलांची नक्षी, खालच्या कोपऱ्यात फेटा बांधलेले दाजी. मधे लाल अक्षरांत: आपल्या गावची सुकन्या हिची परदेशातील नामांकित कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ व मित्र परिवार.

आमच्याकडे फ्लेक्स लावायला मोठं कारण लागत नाही. कुणी पोलीस भरतीत निघालं, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या बैलाने शर्यत मारली, की दुसऱ्या दिवशी थांब्यावर चौकट उभी राहते. वाचणारे त्यातला मजकूर तपासत नाहीत. त्यामुळे हा मजकूर कुठून आला, हे गावात कुणी विचारलं नव्हतं. घरी पोचलो तेव्हा भाची तेच विचारत होती.

"आण्णा, कसली निवड? कुठली कंपनी?"

"आसू दे. तू आलीस की उतरवू."

"मी फिरायला चाललेय!"

"गावाला फिरनं कळत न्हाई," दाजी म्हणाले. "निवड कळती. पोरगी एकली हिंडाया चालली म्हनलं आस्तं, तर लोकांनी इचारलं आस्तं, कुनाबरूबर? कोन हाय तिकडं? म्या म्हनलं, कंपनी पाठवती. लगीच गप झाले."

माझी बहीण चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. ती वळूनही न बघता म्हणाली, "मलाबी तेच सांगितलं हुतं पयल्यांदा. म्या म्हनलं, तुमची कंपनी तुमच्यापाशीच ठिवा."

दाजी हसले नाहीत. रात्रीपर्यंत फ्लेक्सचा फोटो भावकीच्या ग्रुपवर फिरला. त्याखाली हात जोडल्याची आणि फुलांची चित्रं येत राहिली. भाचीने फोन उलटा करून ठेवला.

पहाटे निघालो. विमान संध्याकाळचं होतं, पण सोडायला जायचं म्हणजे जीप भरून जायचं असतं. दाजी, मी, भाची, दाजींची बहीण म्हणजे भाचीची आत्या, गावातले एक निवृत्त एसटी कंडक्टर, आणि मागच्या बाकावर जोड्या नेणारे दाजींचे दोन-तीन सोबती. माझी बहीण घरी थांबली, कारण दुभत्या म्हशी होत्या.

नगर सोडून घाट लागला तसे कंडक्टर पुढे सरकले. मग म्हणाले, "मुकादम, कंपनी काय बनिवती?"

"कम्प्युटरचं सामान," दाजी म्हणाले.

"कंची कंपनी?"

"इंग्रजी नाव हाय. मला येत न्हाई."

"पगार बी तिकडच्या पैशात आसंल?"

"आसंल की."

"मंग पोरीचं तिकीट कंपनीनं काढलं का तुमी?"

दाजी खिडकीबाहेर बघायला लागले. भाचीने माझ्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "तुमी काय तिकीट तपासाया आलाय का? रिटायर झालात, सुटलं न्हाई का आजून?" जीप हसली. कंडक्टरही हसले, पण त्यांचं विचारायचं राहिलेलं चेहऱ्यावर दिसत होतं. ते आयुष्यभर विनातिकीट माणूस शोधत आले होते.

विमानतळावर दारातल्या जवानाने तिकीट आणि पासपोर्ट पाहिला. आत्याने भाचीच्या हातावर दही-साखर घातली. ती सगळ्यांच्या पाया पडली, सॅक पाठीला लावली आणि आत गेली. काचेतून थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली. आम्ही बाहेर कठड्यापाशी थांबलो. ती आतून फोन करेपर्यंत हलायचं नाही, असं ठरलं होतं.

दाजींचा फोन वाजला. अनोळखी क्रमांक. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. त्यामुळे पलीकडचं सगळं सगळ्यांनी ऐकलं.

"विमानतळावरून बोलतोय, इमिग्रेशनमधून. तुमची मुलगी माझ्यासमोर आहे. तिला थांबवलंय."

"कट करा!" कंडक्टर ओरडले. "ह्येच ते! माझ्या भाच्याला आसाच आल्ता. पोरगं धरलंय म्हन्ले, पैसं टाका म्हन्ले. कट करा आदी!"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. अशा फसवणुकीच्या इतक्या बातम्या माझ्या हाताखालून गेल्या होत्या की त्यांचं पहिलं वाक्य मला पाठ होतं. मुलगा किंवा मुलगी आमच्या ताब्यात आहे. सरकारी खात्याचं नाव. शांत आवाज. हे वाक्य तसंच्या तसं होतं. मी मान हलवली. दाजींनी फोन कापला.

पुन्हा तोच क्रमांक. पुन्हा कापला. कंडक्टरनी फोन हातात घेऊन तो क्रमांक बंद करून टाकला आणि म्हणाले, "आता वाजव म्हनावं."

वाजला नाही. मी भाचीला फोन लावला. तिने उचलला नाही. विमानतळात रांगेत असेल, असं मी म्हणालो. माझं मलाच ते पटलं नाही. काचेआड माणसं ये-जा करत होती. आत जायला आमच्यापैकी कुणाकडे तिकीट नव्हतं, आणि विमान सुटायची वेळ जवळ येत होती.

मग भाचीच्या नावाने फोन वाजला.

"आण्णा, कापू नका. साहेबांनी मला बाजूला बसवलंय. त्यांच्याशी बोला, नाहीतर विमान जाईल."

"आवाजाचं बी खोटं करत्यात आता," कंडक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "नंबर बी तिचाच दाखवत्यात."

दाजींनी फोन तोंडाजवळ नेला. "शेवटच्या खेपेला तू आमच्यासंगं कारखान्यावर हुतीस, तवा आपली कोपी कुठं टाकली हुती?"

कोपी म्हणजे ऊसतोड्यांची बांबू-पाचटाची झोपडी. जोडी ठरल्या वेळी आली नाही आणि कुणी तिच्या नावाने फोन केला, की तोच माणूस आहे का हे बघायला दाजी असंच विचारतात; मी त्यांना फोनवर विचारताना पूर्वी ऐकलं होतं. गावातलं काही न विचारता उसाच्या फडावरचं विचारायचं, कारण गावातलं सगळ्यांनाच माहीत असतं.

मग भाचीचा आवाज, रडवेला आणि चिडलेला: "कॅनॉलच्या कडेला. रात्री पाणी शिरलं म्हणून तुम्ही उचलून रस्त्याला आणली, आणि आईचं पीठ भिजलं म्हणून ती तुमच्याशी बोलली नव्हती. देऊ का आता साहेबांना?"

"दे," दाजी म्हणाले.

आवाज तोच होता, मघाचा. "तुम्ही वडील का? दोनदा फोन कापलात."

"चुकलं साहेब. खोटा वाटला."

"बरोबर केलंत. आता माझं ऐका. मुलगी म्हणते पर्यटनाला चालले. बुकिंग दाखवायला तिने फोन उघडला, तर वर तुमच्या ग्रुपवरचा फोटो. परदेशातल्या कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मलाही मराठी येतं. नोकरीला चालली असेल तर पर्यटनाच्या कागदावर का? आणि फिरायला चालली असेल तर हा बोर्ड कसला? दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?"

स्पीकर चालूच होता. दाजींच्या भोवती आत्या होती, कंडक्टर होते, आणि तेच सोबती होते जे त्यांच्या शब्दावर जोड्या गोळा करतात. एकानेही नजर खाली घातली नाही. दाजींनी स्पीकर बंद केला असता तर कुणी अडवलं नसतं. त्यांना बटण सापडलं नाही की त्यांनी शोधलं नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

"बोर्ड खोटा हाय साहेब."

"कुणी लावला?"

"म्या."

"कंपनी?"

"कंपनी न्हाई. कायबी न्हाई. हिंडाया चालली ती."

"मग बोर्ड कशाला लावला?"

"एकली चालली म्हनलं आस्तं तर लोक बोलले आस्ते."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "एजंट कोण? तिकडे न्यायला कोण येणार आहे?"

"कुनी न्हाई."

"काका, नीट आठवा. या भागात पोरं कशी नेतात, मी रोज बघतो. कुणीतरी असतोच."

"म्याबी तेच म्हनत हुतो साहेब. धा डाव इचारलं तिला, मुकादम कोन, मुकादम कोन." दाजींनी घसा साफ केला. "न्हाई कुनी. तिची तीच मुकादम हाय."

"परत कधी येणार?"

दाजींनी माझ्याकडे हात केला. मी खिशातली तिकिटाची प्रत उघडून तारीख आणि क्रमांक वाचला. अधिकाऱ्याने क्रमांक पुन्हा वाचायला लावला. मी वाचला. मधे बराच वेळ कळफलकाची टकटक ऐकू येत राहिली. मग ते म्हणाले, "हे मिळतंय," आणि फोन बंद झाला.

मिळतंय म्हणजे सोडलं की नाही, हे कुणालाच कळलं नाही. कंडक्टर कठड्याला टेकून उभे राहिले. शेवटी दाजींच्या फोनवर मेसेज आला. मी वाचून दाखवला: शिक्का बसला, गेटवर आलेय, विमानात बसतेय.

"तिनंच लिव्हलं कशावरनं?" दाजी म्हणाले.

मी फोन लावून दिला. तिने उचलला, "आण्णा, चालले मी," एवढं म्हणाली आणि ठेवला.

परतीच्या वाटेवर जेवायला थांबलो तेव्हा आत्या म्हणाली, "मंग कंपनी न्हाईच म्हना."

"न्हाई."

"मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं म्हंजी बोर्ड लावल्यासारकंच," दाजी म्हणाले. आत्याने त्यांच्या पाठीत गुद्दा घातला.

पण मागच्या बाकावरचा एक सोबती भाकरी मोडता मोडता, अगदी सहज, म्हणाला, "मुकादम, जोड्यांना आपन सांगतो ना, फडापाशीच पानी हाय, कोपीला जागा चांगली हाय. ते बी ह्या बोर्डासारकंच आस्तं का?"

बाकीच्यांनी जेवण थांबवलं नाही. दाजींनी ताटातली मिरची उचलून बाजूला ठेवली आणि पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नगरला निघालो तेव्हा थांब्यावरची चौकट रिकामी होती. फ्लेक्स दाजींच्या खळ्यात कडब्याच्या गंजीवर टाकलेला होता, छपाईची बाजू आत करून. कडेला दगड ठेवले होते. चांगलं जाड कापड आहे, पावसाळाभर टिकेल, असं माझी बहीण म्हणाली.

त्यानंतर भाची प्रत्येक हद्द ओलांडली की शिक्क्याचा फोटो बापाला पाठवायची. तो पाच मिनिटांत माझ्याकडे यायचा, खाली एकच ओळ: खरा हाय का. लाओसच्या पुलावरचा, व्हिएतनामच्या डोंगरातल्या नाक्यावरचा, कंबोडियाचा. व्हिएतनामच्या नाक्यावर तिला बराच वेळ बसवून ठेवलं होतं. एकटी का, हाच प्रश्न तिथेही. तिने सांगितलं, मी या वेळी फोन उघडलाच नाही, कागद दाखवले. मी प्रत्येक फोटोला "असावा" असं उत्तर देत राहिलो.

ती आली त्या दिवशी जीप भरून गेली नाही. दाजी आणि मी दोघेच गेलो. ती बाहेर आली तेव्हा रापलेली होती, सॅकचा एक पट्टा दोरीने बांधलेला. पाया पडून उठली, तोवर दाजींचा हात पुढे झालाच होता. ती एक क्षण थांबली. मग तिने पासपोर्ट काढून त्या हातावर ठेवला.

दाजींनी तो उघडला. अंगठ्याला थुंकी लावून एकेक पान उलटलं. एका शिक्क्यापाशी थांबले. तो अर्धाच उठला होता.

"ह्यो आसा का?"

"शाई संपली होती त्यांची," भाची म्हणाली.

"सरकारी हापिसात शाई संपती?" ते माझ्याकडे वळले. "व्हय का पाव्हणं?"

मी म्हणालो, शिक्क्यांतलं मला कळत नाही.

त्यांनी तो अर्धा शिक्का उजेडाकडे धरून आणखी एकदा पाहिला. मग पासपोर्ट मिटला, स्वतःच्या खिशाकडे नेला, आणि खिशापाशी हात तसाच थांबला.

"ठिव तुझ्यापाशी," ते म्हणाले, आणि तिच्या हातात देताना पुन्हा विचारलं, "पन अर्दाच कसा उठला?"